वल्ह्याचे वजन

उरण तालुक्याला तीन बाजूंनी पाण्याचा वेढा आहे. उत्तरेस मुंबई बंदराचे पाणी, पश्चिमेस अरबी समुद्र आणि दक्षिणेस धरमतरची विस्तीर्ण खाडी. मोरा बंदरातून मुंबईच्या भाऊच्या धक्क्याकडे आणि करंजाहून समोरच्या रेवसकडे जाणारे जलमार्ग पुष्कळ जुने आहेत. ज्या बेटावर घारापुरीची जगप्रसिद्ध लेणी कोरलेली आहेत, ते बेटही याच तालुक्यात मोडते. १९८९ साली न्हावा-शेवा येथे मोठे बंदर सुरू झाले आणि १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी व न्हावा-शेवा यांना जोडणाऱ्या २१.८ किलोमीटर लांबीच्या अटल सेतूचे उद्घाटन झाले. ज्या पाण्यावरून जाण्यास पूर्वी वारा आणि भरती यांची मनधरणी करावी लागे, ते पाणी आता मोटारी काही मिनिटांत ओलांडतात. तरीही खाडीच्या कडेला, तिवरांच्या सावलीत बांधलेल्या लहान होड्या अजून दिसतात. आणि होडीत डोकावून पाहिले, तर जाळ्याच्या ढिगाशेजारी एक लाकडी वल्हे पडलेले आढळते.

यंत्राच्या युगात वल्ह्याचे काय काम, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर ओहोटी देते. या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार मीटरांहूनही अधिक फरक पडतो. पाणी उतरले की खाडीत गुडघाभर पाणी आणि त्याखाली मऊ चिखल एवढेच उरते. अशा उथळ पाण्यात यंत्राचा पंखा चिखलात रुततो, नाहीतर जाळ्याच्या दोरीत गुरफटतो. खोल पाण्यात नांगरलेल्या मोठ्या बोटीपर्यंत माणसे पोचवायची, तर लहान होडीच लागते. शिवाय यंत्र हे बोलूनचालून यंत्र; ते कोठे आणि केव्हा बंद पडेल याचा नेम नाही. त्या वेळी होडीला प्रवाहाच्या स्वाधीन होऊ न देणारी एकच वस्तू हाताशी असते. म्हणून जाणता तांडेल यंत्र कितीही नवे असले तरी वल्हे घरी ठेवून निघत नाही.

परंतु वल्हे होडीत असणे निराळे आणि ते तासन्‌तास मारता येणे निराळे. येथेच वल्ह्याच्या वजनाचा प्रश्न उद्भवतो.

साधा हिशेब करून पाहू. सामान्य गतीने वल्हवणारा माणूस एका मिनिटात सुमारे ३० वेळा वल्हे मारतो. म्हणजे एका तासात १८०० वेळा. प्रत्येक वेळी तो वल्हे पाण्यातून वर उचलतो, हवेतून पुढे नेतो आणि पुन्हा पाण्यात घालतो. वल्हे गरजेपेक्षा एक किलो जड असेल, तर त्या माणसाने तासाभरात १८०० किलो, म्हणजे १८ क्विंटल वजन उगाचच उचलले! त्या श्रमाने होडी एक हातही पुढे सरकली नाही. हा भार हमालाच्या पाठीवरील पोत्याप्रमाणे डोळ्यांना दिसत नाही. तो किलोकिलोने, पण शेकडो वेळा खांद्यावर येतो. साठी उलटलेल्या मच्छीमाराचे खांदे दुखू लागतात तेव्हा तो वयाला दोष देतो. त्यातला काही दोष वल्ह्याचाही असतो.

हलकेपणाचे हे महत्त्व या किनाऱ्याला नवे नाही. मराठ्यांच्या आरमारात गुराब हे मोठे, शिडांवर चालणारे जहाज असे. आणि त्याच्या जोडीला गलबत हे लहान व चपळ जहाज असे. मोठ्या गलबताला ४० ते ५० वल्ही असत. वारा पडला की गुराबेला ओढून नेण्याचे काम हीच गलबते करीत. १६७९ साली शिवाजी महाराजांनी थळच्या किनाऱ्यासमोरील खांदेरी बेटावर किल्ला बांधण्यास आरंभ केला. मुंबईच्या इंग्रजांना ते सहन होईना. त्यांनी बेटाभोवती आपली जहाजे उभी केली. पण ती जहाजे वाऱ्याची आश्रित होती. रात्रीच्या अंधारात मराठ्यांच्या लहान होड्या उथळ पाण्याने, वल्ह्यांच्या बळावर पहारा चुकवून बेटावर जात आणि बांधकामाचे सामान व दाणागोटा पोचवून परत येत. इंग्रजांच्या मोठ्या तोफांचा या होड्यांपुढे फारसा उपयोग झाला नाही. किल्ला उभा राहिला तो राहिलाच. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत खांदेरीचाही समावेश आहे. इतिहासाच्या पुस्तकात या प्रसंगी मायनाक भंडारी आणि दौलतखान यांची नावे येतात, आणि ती यावीतच. पण रात्रीमागून रात्री वल्ही मारणाऱ्या शेकडो हातांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

वल्ही मुख्यतः दोन प्रकारची असतात. पहिला प्रकार लांब वल्ह्याचा. ते अडीच-तीन मीटर लांब असून होडीच्या काठावरील खुंटीला दोरीच्या फासाने अडकवलेले असते. हा तरफेचा प्रकार होय. काठावरची खुंटी हा टेकू, आतला भाग हाताकडे, बाहेरचा भाग पाण्याकडे. वल्ह्याचा भार टेकूवर पडत असल्यामुळे येथे मुठीकडे थोडे अधिक वजन असले तरी बिघडत नाही. उलट त्याने बाहेरच्या लांब भागाचा तोल साधतो. दुसरा प्रकार आखूड वल्ह्याचा. ते कोठेही अडकवलेले नसते. बसल्या जागी दोन्ही हातांत धरून ते मारायचे असते आणि त्याचा सगळा भार हातांनाच पेलावा लागतो. अरुंद होडीत, उथळ खाडीत, जेथे लांब वल्हे फिरवायला जागा नसते, तेथे याचा उपयोग होतो. एकाच झाडाचे, बहुधा आंब्याचे, खोड कोरून केलेल्या जुन्या डोणी अशाच आखूड वल्ह्यांनी चालवीत. या दुसऱ्या प्रकारचे वल्हे घरच्या घरी, मोजक्या हत्यारांनी करता येते. त्याच्याकडेच येथे अधिक लक्ष द्यावयाचे आहे.

वल्ह्याचे चार भाग असतात. वरच्या टोकाला हाताच्या तळव्यात बसणारी मूठ, तिच्याखाली दांडा, दांडा जेथे रुंद होऊ लागतो ती मान, आणि शेवटी पाणी मागे लोटणारे पाते. पात्याच्या मधोमध मानेपासून खाली उतरत जाणारा जो उंचवटा असतो, त्याला कणा म्हणावे. कारण तो कामही कण्याचेच करतो.

आता एखाद्या अननुभवी माणसाने केलेले वल्हे डोळ्यांपुढे आणा. त्याने सागाची फळी घेतली, दांडा ४ सेंटिमीटर जाडीचा गोल केला आणि पाते सगळीकडे सारखे २ सेंटिमीटर जाड ठेवले. दांडा एक मीटर आणि पाते अर्धा मीटर लांब. वाळलेल्या सागाचे १००० घनसेंटिमीटर लाकूड सुमारे ६५० ग्रॅम भरते. त्या हिशेबाने या वल्ह्याचे वजन १ किलो ८५० ग्रॅमच्या आसपास जाईल. त्याला विचारले, "इतके जड का केलेस?" तर तो म्हणेल, "मोडू नये म्हणून." उत्तर प्रामाणिक आहे, पण बरोबर नाही. त्याच सागातून ३ सेंटिमीटर जाडीचा दांडा केला आणि पाते कण्यापाशी जाड ठेवून कडांकडे पातळ करीत नेले, तर तेवढ्याच लांबी-रुंदीचे वल्हे पावणेनऊशे ग्रॅममध्ये होते, आणि तेही वल्हवणाऱ्याच्या ओढीला सहज टिकते. लाकूड बदलले नाही, लांबी बदलली नाही, तरी वजन निम्म्याहून कमी झाले. जे गेले ते केवळ निरुपयोगी लाकूड.

मग उपयोगी लाकूड कोणते आणि निरुपयोगी कोणते, हे ओळखायचे कसे?

शाळेतली लाकडी फूटपट्टी घ्या. ती आडवी धरून वाकवा, सहज वाकेल. तीच उभी, म्हणजे कडेवर धरून वाकवा; जरासुद्धा वाकणार नाही. लाकूड तेच आणि तेवढेच. मग फरक कशाने पडला? ज्या दिशेने बळ लावले, त्या दिशेची जाडी वाढली म्हणून. जाडी दुप्पट झाली की वाकण्यास होणारा विरोध आठपट होतो. ही गोष्ट ध्यानात आली की कारागीर दांडा अगदी गोल न ठेवता किंचित लंबगोल करतो. ओढीच्या दिशेने तो तीन सेंटिमीटरांहून थोडा अधिक आणि आडव्या दिशेने तेवढाच कमी. असा दांडा बळकट तर होतोच, शिवाय अंधारात नुसत्या स्पर्शाने पात्याची दिशा हाताला कळते. रात्रीच्या मासेमारीत हा लाभ लहान नव्हे.

दुसरी गोष्ट अशी की वल्ह्यावर सगळीकडे सारखा ताण पडत नाही. वरचा हात मूठ पुढे ढकलतो, खालचा हात मानेजवळ दांडा मागे ओढतो आणि पाणी पात्याला अडवते. या तीन बळांत सर्वांत मोठा ताण पडतो तो खालच्या हाताजवळ. वल्हे मोडते ते बहुधा तेथेच. तेथून मुठीकडे आणि तेथून पात्याच्या टोकाकडे ताण क्रमाक्रमाने उतरत जातो. म्हणून लाकूडही क्रमाक्रमाने उतरावे. मानेपाशी हात आखडता घेऊ नये आणि टोकापाशी दयामाया दाखवू नये. टोकाकडील वजनाचा आणखी एक उपद्रव आहे. दोरीच्या टोकाला दगड बांधून तो फिरवला, तर दोरी जितकी लांब तितका हाताला ताण अधिक, हा अनुभव सर्वांचा आहे. पात्याच्या टोकाचे १०० ग्रॅम हाताला मुठीजवळच्या १०० ग्रॅमपेक्षा कितीतरी अधिक जड लागतात.

या बाबतीत कोकण किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांनी आपल्या परीने एक सुंदर युक्ती काढली होती. त्यांची वल्ही पुष्कळदा दोन तुकड्यांची असत. एक सरळ, गोल दांडा आणि त्याच्या टोकाला दोरीने घट्ट बांधलेली वाटोळी किंवा लंबवर्तुळाकार फळी. दांड्याला चिवट लाकूड, पात्याला हलकी फळी. पाते फुटले तर दांडा टाकावा लागत नसे. नवी फळी बांधली की काम झाले. दिसायला हे वल्हे ओबडधोबड, पण त्यामागचा विचार मुळीच ओबडधोबड नव्हता.

लाकडाची निवड करताना तीन गुण पाहावे लागतात. ते हलके हवे, चिवट हवे आणि पाण्यात लवकर न कुजणारे हवे. तिन्ही गुण एकत्र सापडणे दुर्मीळ. सागात शेवटचे दोन गुण पुरेपूर आहेत. सावर आणि पांगारा ही झाडे सागाच्या जवळजवळ निम्म्या वजनाची, पण त्यांचे लाकूड मऊ असून ओलाव्यात लवकर खराब होते. त्यांचा दांडा करणे म्हणजे संकटाला आमंत्रण होय. हिमालयातला देवदार सागाहून हलका आणि टिकाऊही; तो लाकडाच्या वखारीत मिळू शकतो. आपल्या सह्याद्रीत आढळणारी शिवण मात्र या कामी विशेष उल्लेखनीय आहे. तिचे १००० घनसेंटिमीटर लाकूड पाचशे ग्रॅमच्या आतबाहेर भरते, ते हत्याराला सोपे जाते आणि वाळल्यावर फारसे वाकत-फुगत नाही. पालख्या आणि वाद्ये यांसाठी शिवणीला जी मागणी असे, ती याच गुणांमुळे. मघाशी सागाचे जे पावणेनऊशे ग्रॅमचे वल्हे सांगितले, तेच शिवणीचे केले तर साडेसहाशे ग्रॅममध्ये होईल.

लाकूड कोठून आणायचे, हा प्रश्नही विचार करण्याजोगा आहे. खाडीकाठची तिवरे हाताशी असतात, पण त्यांना कुऱ्हाड लावू नये. तिवरांची तोड करण्यास कायद्याने बंदी आहे. आणि कायदा नसता तरीही ज्या मुळांच्या जाळीत माशांची व कोळंबीची पिल्ले वाढतात, ती तोडून मासेमारीचे वल्हे करणे हा शहाणपणा ठरला नसता. रानातल्या लाकडाशी तर या तालुक्याचा इतिहासच जोडलेला आहे. गवत आणि लाकूडफाटा यांवर परकी सरकारने घातलेल्या निर्बंधांविरुद्ध २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या अक्कादेवीच्या माळरानावर लोकांनी जंगल सत्याग्रह केला, तेव्हा त्यांच्यावर गोळीबार झाला. त्यात हुतात्मा झालेल्यांमध्ये नाग्या कातकरी हा आदिवासी तरुणही होता. आज वल्ह्यापुरते लाकूड वखारीतून विकत घेता येते. त्याहूनही चांगला मार्ग म्हणजे पाडलेल्या जुन्या घरांचे सागवानी वासे. पन्नास-साठ वर्षे छपराखाली वाळलेला वासा नव्या लाकडापेक्षा अधिक विश्वासू असतो. त्यातले खिळे मात्र आधी शोधून काढावेत, नाहीतर रंध्याच्या पात्याची धार जाते आणि सुताराचा संयमही.

लाकूड नवे असेल तर ते सावलीत वाळवावे. वाळले की नाही हे ठरविण्याची सोपी रीत अशी: तुकड्याचे वजन दर आठवड्यास करून लिहून ठेवावे. वजन उतरत आहे तोवर पाणी बाहेर पडत आहे असे समजावे. ते स्थिर झाले की लाकूड तयार झाले. ओल्या लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या निम्म्याइतके, कधी त्याहूनही अधिक पाणी असते. उतावळेपणाने ओल्याचे वल्हे केले, तर ते आधी जड लागते आणि मागाहून पिळवटते. लाकडाच्या रेषाही पाहाव्यात. त्या मुठीपासून टोकापर्यंत सरळ गेलेल्या असाव्यात. रेषा तिरप्या होऊन दांड्याच्या कडेने बाहेर पडत असतील, तर तो दांडा त्या तिरप्या रेषेवरच चिरतो. मानेजवळ गाठ असलेला तुकडा कितीही देखणा असला तरी बाजूला ठेवावा.

एकाच रुंद फळीतून वल्हे काढले तर दांड्याच्या दोन्ही बाजूंचे लाकूड वाया जाते. त्यापेक्षा पट्ट्या जोडून वल्हे करणे चांगले. मध्ये १५० सेंटिमीटर लांब आणि साडेतीन सेंटिमीटर रुंद व जाड अशी चिवट लाकडाची एक सरळ पट्टी घ्यावी. हीच दांडा आणि कणा होईल. तिच्या खालच्या अर्ध्या मीटरला दोन्ही बाजूंनी हलक्या लाकडाच्या दोन-दोन पट्ट्या चिकटवाव्यात. प्रत्येक पट्टी ४ सेंटिमीटर रुंद व २ सेंटिमीटर जाड. सगळी मिळून साडेएकोणीस सेंटिमीटर रुंदी होते, ती तासल्यावर अठरावर येते. जुन्या लोकांनी दांड्याला एक आणि पात्याला दुसरे लाकूड वापरले, तेच येथे दोरीऐवजी चिकटवून साधले जाते. जनावरांच्या चामड्या-हाडांपासून केलेला जुना सरस पाण्यात विरघळतो, म्हणून तो येथे चालत नाही. दोन द्रव मिसळून तयार होणारे इपॉक्सी वापरावे आणि ते हाताळताना हातमोजे घालावेत. पट्ट्या दाबून धरण्यास लोखंडी शिकंजे नसले तरी अडत नाही. जोडाभोवती दोरी गुंडाळून तिच्याखाली लाकडाच्या पाचरी ठोकल्या की पट्ट्या आवळल्या जातात. एवढेच पाहावे की त्या इतक्याही आवळू नयेत की जोडातले सगळे इपॉक्सी बाहेर येईल. मग एक दिवस आणि एक रात्र त्याला हात लावू नये.

आखणीची वेळ आली की पहिली रेघ मध्यरेषा. काव लावलेले सूत दोन टोकांना ताणून धरावे, मध्ये चिमटीत उचलून सोडावे. लाकडावर लाल रेघ उमटते. आपला 'सुतार' हा शब्द 'सूत्रधार' या शब्दापासून आला आहे, तो याच सुतामुळे. नाटकाच्या सूत्रधाराशी त्याचे असे दूरचे नाते लागते. दांड्याची लांबी वापरणाऱ्याच्या अंगावरून ठरवावी. होडीतल्या फळीवर ताठ बसल्यावर फळीपासून नाकापर्यंतचे जे अंतर, ते मूळ माप. होडीचा काठ पाण्यापासून जितका उंच, तितकी त्यात भर घालावी. उंच काठाच्या होडीत प्रौढ माणसाला एक मीटरचा दांडा होतो. शाळकरी मुलासाठी तो पुष्कळच आखूड लागेल.

चौकोनी दांडा गोल करणे हे नवशिक्याला सर्वांत अवघड वाटते. ते गणिताने सोपे होते. दांड्याच्या प्रत्येक बाजूची रुंदी २४ भागांची धरावी आणि दोन्ही कडांपासून ७ भागांवर एकेक रेघ ओढावी. मध्ये १० भाग उरतात. या रेघांपर्यंत चारी कोपरे रंध्याने काढले की चौकोनाचा अष्टकोन होतो, आणि त्याच्या आठही बाजू जवळजवळ सारख्या भरतात. अष्टकोनाचे कोपरे पुन्हा काढले की सोळा बाजू होतात. त्यानंतर कानस आणि काचकागद यांनी दांडा हाताला हवा तसा होतो. लंबगोल करावयाचा तो या शेवटच्या टप्प्यात.

पात्याचे काम याहून नाजूक. प्रथम वाकसाने किंवा करवतीने वरवरचे लाकूड उतरवावे, मग रंधा घ्यावा. कण्यापासून कडेकडे आणि मानेपासून टोकाकडे अशा दोन्ही दिशांनी जाडी कमी होत गेली पाहिजे. कडा चार ते पाच मिलिमीटर राहिल्या की थांबावे. त्याहून पातळ कड पहिल्याच दगडावर फुटते. दोन्ही बाजू सारख्या झाल्या की नाही, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी वल्हे दोन खुर्च्यांच्या पाठींवर, दांडा व टोक टेकवून, आडवे ठेवावे. ज्या बाजूला लाकूड अधिक राहिले असेल, ती बाजू आपोआप खाली वळते. तेथून रंध्याचा एक हात मारावा आणि पुन्हा ठेवून पाहावे. तराजूसारखी ही परीक्षा चुकत नाही. या कामाला घाईचे वावडे आहे. काढलेले लाकूड परत लावता येत नाही.

आता वल्ह्याची परीक्षा. दांड्याच्या दोन्ही टोकांखाली विटांचे दोन उंच थर लावावेत. त्यांच्यातील अंतर एक मीटर असावे. मध्ये दोरीने १० लिटर पाण्याची एक बादली अडकवावी, मग दुसरी. बादल्यांचे वजन सोडून २० किलोंचा भार झाला. सामान्य माणूस वल्हे मारताना लावतो त्या बळाहून हा कमी नाही. तीन सेंटिमीटर जाडीचा चांगला दांडा एवढ्या भाराने मध्यभागी बोटभर वाकतो आणि भार काढताच पूर्ववत सरळ होतो. तो सरळ झाला नाही, किंवा वाकताना बारीकसा कडकड आवाज झाला, तर ते वल्हे पाण्यात नेऊ नये. जमिनीवर मोडलेले वल्हे ही फक्त लाकडाची हानी होय. उधाणाच्या ओढीत, किनारा दूर असताना मोडले तर गोष्ट निराळी. हलकेपणाच्या मोहात किती पुढे जायचे याची मर्यादा ही परीक्षा घालून देते. ती उतरल्यावरही पहिला सराव जाणत्या माणसाच्या सोबतीने, अंगात तरंगणारे जाकीट घालून आणि भांगाच्या दिवशी शांत पाण्यातच करावा.

शर्यतीच्या नौकांमध्ये आता लाकडाची जागा कार्बनच्या तंतूंनी घेतली आहे. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्याच्या तळेगाव रोही या दुष्काळी गावचा दत्तू भोकनळ याच क्षेत्रात २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये उतरला आणि एकट्याने नौका वल्हवण्याच्या स्पर्धेत तेरावा आला. ज्या गावात प्यायला पाणी पुरत नव्हते, त्या गावचा मुलगा पाण्यावरच्या खेळात जगापुढे उभा राहिला. सैन्यात गेल्यावर तो वल्हवणे शिकला. त्याच्या हातातील वल्हे कारखान्यात तयार झालेले होते. पण मानेपाशी बळ आणि टोकापाशी हलकेपणा हा नियम त्या वल्ह्यालाही चुकलेला नाही.

वल्हे तयार झाल्यावर त्याला उकळलेल्या जवसाच्या तेलाचे तीन-चार पातळ हात द्यावेत. एक हात पुरता वाळल्याशिवाय दुसरा देऊ नये. पात्यावर वॉर्निश चालते, पण दांड्यावर आणि मुठीवर ते लावू नये. वॉर्निशाच्या गुळगुळीत थरामुळे तळहाताला लवकर फोड येतात. तेल पुसलेल्या चिंध्यांची मात्र फार काळजी घ्यावी लागते. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते. अशा चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या, तर ती उष्णता आतच कोंडते आणि काही तासांत त्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या उघड्यावर एकेक पसरून वाळवाव्यात किंवा पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवाव्यात.

पावसाळ्यात मासेमारीला बंदी असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, जाळी दुरुस्त होत असतात. वल्ह्याला तेलाचा नवा हात देण्याचे दिवस हेच. नारळी पौर्णिमेपर्यंत ते घरातच राहणार. तेव्हा ते ठेवायचे कसे? उरणच्या काही वस्त्यांत हा प्रश्न साधा नाही. न्हावा-शेव्याच्या बंदरासाठी शेवा कोळीवाड्यातील कोळी कुटुंबांना १९८०च्या दशकात आपले गाव सोडून उरणजवळच्या बोरी-पाखाडी येथे वस्ती करावी लागली. ती वस्ती हनुमान कोळीवाडा या नावाने ओळखली जाते. तेथील जमिनीत वाळवी निघाली. तिने घरांची दारे, चौकटी, वासे पोखरले आणि दुसऱ्यांदा पुनर्वसन व्हावे म्हणून त्या लोकांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. ज्यांच्या पूर्वजांचे सगळे जीवन लाकडी होडीवर आणि लाकडी वल्ह्यावर चालले, त्यांच्याच घरात लाकूड टिकेनासे झाले. अशा जागी वल्हे भिंतीला टेकवून जमिनीवर उभे करू नये. ते आडवे धरून, मानेजवळ आणि मुठीजवळ दोन दोऱ्यांचे फास घालून, छपराखाली हवेत टांगावे. चुलीचा धूर लागेल अशा जागी, पण तिच्या थेट वर नव्हे. दोरीला खालून हात लावून दर पंधरा दिवसांनी पाहावे, मातीची बारीक नळी भिंतीवरून चढत आली आहे का. आली असेल तर ती त्याच दिवशी मोडून टाकावी.